पायाच्या डॉक्टरकडे पहिल्यांदा जाताना: भोवरी, रुतलेलं नख, चिखल्या आणि बधिर पाय

पाय दुखला की आधी घरातलं काहीतरी लावायचं, मग शेजारच्या काकू सांगतील ते, मग मेडिकलमधून पट्टी आणायची, आणि हे सगळं करून झालं की दवाखाना. पायांच्या क्लिनिकमध्ये काम करताना हा क्रम मी रोज बघते. बहुतेकांचं त्यात फारसं बिघडत नाही. त्यांच्या पायाला दुखतं-खुपतं ते कळतं, रक्त नीट पोचतं, जखम झाली तरी भरून येते. पण यातली एक गोष्ट जरी कमी असेल, तर त्याच पट्टीनं किंवा त्याच ब्लेडनं बोट गमवायची वेळ येऊ शकते. म्हणून पायावर कोणताही उपचार करण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं हातात हवीत: पायाला कळतं का, आणि पायाला रक्त पोचतं का? मधुमेह असलेल्यांनी तर ही उत्तरं मिळाल्याशिवाय भोवरीलासुद्धा हात लावू नये.

आजवर पायाच्या तज्ज्ञाकडे न गेलेल्यांसाठी हे लिहिते आहे. स्वतःच्या पायांसाठी वाचा, आणि घरात आई-वडील, आजी-आजोबा असतील तर त्यांच्यासाठीही वाचा. वय झालं की वाकून स्वतःचा तळपाय बघणं जमत नाही, आणि ‘माझा पाय बघ रे जरा’ असं मुलांना सांगायला फार जण संकोचतात.

पहिली पायरी: घरी पाय नीट बघा

संध्याकाळी पाय धुऊन, कोरडे पुसून, चांगल्या उजेडात बसा. तळपाय दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून त्यावर पाय धरा, किंवा घरातल्या कुणाला मोबाईलवर फोटो काढायला सांगा. तो फोटो पुढे डॉक्टरांना दाखवायलाही उपयोगी पडतो.

बोटांच्या बेचक्या एकेक उघडून बघा, विशेषतः करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांच्यामधली. चिखल्या बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतात. नखांच्या कडा, टाचेची किनार, अंगठ्याच्या मुळाशी असलेला तळव्याचा उंचवटा, सगळीकडे नजर फिरवा. मग दोन्ही पायांवरून हाताची पालथी बाजू फिरवा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतो का? डोळ्यांना न दिसणारी सूज कधी कधी हाताला आधी कळते.

आता स्पर्शाची एक सोपी चाचणी. पाय तपासायचा आहे त्यांना डोळे मिटून आडवं व्हायला सांगा. तुम्ही तर्जनीच्या टोकानं त्यांच्या दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना हलकाच स्पर्श करा, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, टोचायचं नाही, थोपटायचं नाही. स्पर्श कळला की त्यांनी ‘हो’ म्हणायचं, आणि कोणत्या पायाला तेही सांगायचं. अशा सहा जागा होतात. त्यातल्या दोन किंवा जास्त जागी कळलं नाही, तर पाय बधिर होत चालला आहे असं समजून तपासणीची वेळ घ्या. ही चाचणी इंग्लंडमधल्या इप्सविच इथल्या हॉस्पिटलात तयार झाली, तिला कसलंही उपकरण लागत नाही, आणि घरच्या कुणालाही ती करता येते.

दुसरी पायरी: आज जायचं की वेळ घेऊन जायचं

पुढच्यापैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जखमेभोवतीचा लालपणा पसरत चालला आहे. पाय सुजून गरम झाला आहे, ताप आला आहे. जखमेला वास येतो. बोट काळं-निळं पडलं आहे. पाय अचानक गार, पांढरा पडून खूप दुखायला लागला आहे. मधुमेह असेल तर तळव्यावर कितीही छोटी उघडी जखम याच यादीत येते, ती दुखत नसली तरी. दुखत नसेल तर अधिकच, कारण न दुखणं हे तिथं बधिरपणाचं लक्षण असतं.

एक परिस्थिती वेगळी काढून सांगते, कारण ती फार वेळा हातची जाते. बरीच वर्षं मधुमेह असलेल्या माणसाचा एक पाय अचानक सुजतो, लाल आणि गरम होतो, पण दुखणं त्या मानानं किरकोळ असतं. घरच्यांना वाटतं मुरगळला असेल. एक्स-रे काढला तर सुरुवातीला तो चक्क नॉर्मलही येऊ शकतो. हा शार्को फूट असू शकतो. त्यात बधिर पायातली हाडं आतल्या आत ठिसूळ होऊन मोडायला लागतात, आणि माणूस त्यावर चालत राहिला तर पायाची कमान कोसळून तळवा खाली बाहेर फुगतो. एकदा आकार बिघडला की तो परत आणणं फार अवघड. म्हणून बधिर पाय गरम आणि सुजलेला दिसला की त्यावर भार देणं थांबवा आणि डायबेटिक फूट बघणाऱ्या डॉक्टरकडे जा. लेप, शेक, मालिश यातलं काहीही नको.

बाकीच्या तक्रारी म्हणजे भोवरी, जाड झालेलं नख, भेगा, टाचदुखी, चामखीळ. त्यांच्यासाठी वेळ घेऊन गेलं तरी चालतं.

तिसरी पायरी: जायचं कोणाकडे

इथं नवख्या माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियात पोडियाट्रिस्ट, म्हणजे फक्त पायांचा तज्ज्ञ, हा स्वतंत्र, नोंदणीकृत पेशा आहे. इंग्लंडमध्ये नोंदणी नसलेल्या माणसाला ते नाव लावता येत नाही, आणि अमेरिकेत पदवीनंतर चार वर्षांचं वैद्यकीय शिक्षण आणि पुढे रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, करून पोडियाट्रिस्ट पायाच्या शस्त्रक्रियाही करतो. तिथं राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी, विशेषतः मुलांकडे गेलेल्या आई-बाबांनी, ही सोय जरूर वापरावी. इंग्लंडमध्ये मधुमेहाच्या रुग्णाला वर्षातून एकदा पायाची तपासणी मिळते.

आपल्याकडे हा पेशा अजून आकार घेतो आहे. २०२१ साली झालेल्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात पोडियाट्रिस्टचा उल्लेख आला, ही चांगली गोष्ट. पण प्रत्यक्षात पायाचं काम आज अनेकांमध्ये वाटलेलं आहे. नखाची बुरशी, चिखल्या, चामखीळ यांसाठी त्वचारोगतज्ज्ञ. रुतलेलं नख आणि पू झाला असेल तर जनरल सर्जन. टाचदुखी आणि हाडाच्या आकाराच्या तक्रारींसाठी अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट. चालताना पोटऱ्या भरून येत असतील, थांबलं की बरं वाटत असेल, तर रक्तवाहिन्यांचे सर्जन. मधुमेह असेल तर सरळ डायबेटिक फूट क्लिनिक, जिथं यातली बरीच माणसं एका छताखाली भेटतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पोडियाट्रीचं प्रशिक्षण घेतलेल्यांची स्वतंत्र क्लिनिकंही निघाली आहेत. गावात यातलं काही नसेल तर तुमचे नेहमीचे फॅमिली डॉक्टर ही योग्य सुरुवात आहे. फक्त तिथं ‘माझे पाय तपासा’ हे तोंडानं सांगा आणि मोजे-चपला काढून बसा. गर्दीच्या ओपीडीत पाय बुटातच राहून जातात.

पहिल्या भेटीतच विचारायला हरकत नाही असे काही प्रश्न: तुमचं शिक्षण कशातलं? हत्यारं ऑटोक्लेव्ह करता का, म्हणजे दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करता का? ब्लेड नवीन आहे का? चांगल्या ठिकाणी हत्यारं बंद पाकिटातून तुमच्यासमोर निघतात आणि ब्लेडचं पाकीट तुमच्यासमोर फाडलं जातं. हे विचारलं म्हणून कोणी नाराज होत असेल तर तिथं पाय देऊ नका. एकाच्या रक्तातून दुसऱ्याला हेपॅटायटिस बी होऊ शकतो, आणि रस्त्याकडेला बसून कुरूप काढून देणाऱ्यांकडच्या किंवा पेडिक्युअरच्या टबाशेजारी ठेवलेल्या हत्यारांची खात्री कोण देणार?

चौथी पायरी: जाण्याची तयारी

नेलपॉलिश काढून जा, नखाचा रंग बघावा लागतो. पायांना त्या दिवशी तेल, मलम, हळद, काहीही लावू नका. भोवरी किंवा जाड कातडी स्वतः कापून, घासून जाऊ नका, कारण ती कुठे आणि किती जाड आहे यावरून पायावरचा दाब कळतो.

रोज वापरता ती चप्पल आणि कामावरचे बूट पिशवीत घालून न्या. त्यांचा तळ कुठल्या बाजूला झिजला आहे, आत पायाचा ठसा कुठे उमटला आहे, यावरून आम्हाला अर्धी गोष्ट समजते. नवी कोरी जोडी घालून आलात तर हा सगळा पुरावा घरी राहतो.

शुगरचे रिपोर्ट, एचबीएवनसीसकट (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), न्या. चालू औषधांची यादी न्या, त्यात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर त्या आधीच सांगा. पूर्वी दातासाठी किंवा टाक्यांसाठी भूल दिल्यावर त्रास झाला असेल तर तोही सांगा. विडी-सिगारेट ओढत असाल, तंबाखू-मशेरीची सवय असेल तर लपवू नका. तंबाखूनं पायाच्या रक्तवाहिन्या आखडतात आणि जखम भरायला वेळ लागतो, आणि हे माहीत नसेल तर उपचाराचा अंदाज चुकतो.

पाचवी पायरी: तपासणीत काय होतं

पहिली तपासणी अजिबात दुखत नाही. आधी दोन ठिकाणी नाडी बघतात: पायाच्या पाठीवर आणि घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागे. ती बोटांना लागली नाही तर जेल लावून डॉपलर या रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राचा पेनसारखा भाग टेकवतात. रक्त नीट वाहत असेल तर यंत्रातून ठोक्यागणिक दमदार फुस-फुस ऐकू येतं. प्रवाह कमी असेल तर तोच आवाज दबका, सलग येतो. पुढे घोट्याजवळचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.९ च्या खाली आलं तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत असं समजतात. जुन्या मधुमेहात वाहिन्यांच्या भिंती कडक होतात आणि आकडा उगाच चांगला, अगदी १.३ च्या वरही येतो. म्हणून अशा वेळी बोटाचा रक्तदाब वेगळा मोजावा लागतो. ‘रिपोर्ट तर चांगला आहे’ म्हणून निर्धास्त होण्याआधी हे डॉक्टरांना विचारा.

मग संवेदना. नायलॉनचा एक बारीक तंतू असतो. तो कातडीवर टेकवून वाकेपर्यंत दाबला की बरोबर १० ग्रॅमचा दाब पडतो. डोळे मिटायचे आणि लागलं की ‘हो’ म्हणायचं. बरेच जण डोळे किलकिले करून बघतात आणि न कळलेल्या जागीही ‘हो’ म्हणतात, परीक्षेत नापास व्हायला नको म्हणून. कृपा करून तसं करू नका. तिथं खोटं ‘हो’ म्हटलं तर तुमचा बधिर पाय चांगल्या पायांच्या यादीत जातो. त्यानंतर १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर टेकवून त्याची थरथर कळते का बघतात.

पाय बधिर निघाला तर मधुमेहाशिवाय इतर कारणांचाही शोध घ्यावा लागतो. शाकाहारी माणसांत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिनच्या गोळ्या बरीच वर्षं घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी असू शकतं. दारूनंही नसा खराब होतात. आणि अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यायला लाजू नका. तो पूर्ण बरा होतो, औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, आणि उशीर केला तर नसांचं कायमचं नुकसान होऊ शकतं.

सहावी पायरी: कोणत्या तक्रारीवर काय उपचार

भोवरी, म्हणजे कुरूप, आणि घट्टे यांपासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त माणसं त्यासाठीच येतात. येणारा प्रत्येक जण म्हणतो, ‘मूळ काढून टाका.’ पण भोवरीला मूळ नसतं. एकाच जागी पुन्हा पुन्हा दाब आणि घासणं झालं की कातडी स्वतःला वाचवायला जाड होते, आणि दाब एका ठिपक्यावर एकवटला की तिथं कडक गाभा तयार होतो. तो आत टोचतो. क्लिनिकमध्ये ब्लेड जवळजवळ आडवं धरून पिवळट कातडीचे पापुद्रे एकेक करून उतरवतात. खाली गाभ्याचा काचेसारखा चकचकीत ठिपका दिसायला लागतो, मग ब्लेडच्या टोकानं तो अलगद उचलून काढतात. नीट केलं तर भूल लागत नाही, रक्त येत नाही, आणि माणूस खुर्चीवरून उतरल्यावर पाय टेकवून बघतो तेव्हा त्याचा विश्वास बसत नाही. पण चप्पल तीच राहिली तर काही आठवड्यांत भोवरी परत येणार. म्हणून भोवरी काढणं हा अर्धा उपचार, दाब हटवणं हा उरलेला अर्धा.

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या भोवरीच्या पट्टीत, म्हणजे कॉर्न कॅपमध्ये, सॅलिसिलिक ॲसिड असतं. ते भोवरी ओळखत नाही, चांगली कातडीही तसंच खातं. ठणठणीत पायावर ती सूचनेप्रमाणे वापरली तर ठीक. मधुमेह, बधिरपणा किंवा रक्तपुरवठा कमी असलेल्या पायावर ती अजिबात लावायची नाही. अशा पायावर जाड घट्ट्याच्या खाली कधी कधी जखम लपलेली असते. घट्ट्यात काळपट-लालसर डाग दिसला तर तो हमखास उघडून बघावा लागतो, आणि ते काम प्रशिक्षित हातांचंच.

तळव्यावरची चामखीळ भोवरीसारखी दिसते. फरक असा: भोवरी सरळ दाबली की दुखते, चामखीळ दोन बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते. चामखिळीत बारीक काळे ठिपके दिसतात आणि कातडीवरच्या रेषा तिच्याजवळ येऊन तुटतात. ती विषाणूमुळे होते, त्यामुळे कापून-कोरून पसरवू नका. त्वचारोगतज्ज्ञ औषधानं किंवा गोठवून ती घालवतात, आणि थोडी चिकाटी लागते.

आता रुतलेलं नख. शाळा-कॉलेजातली मुलं, घट्ट बुटात दिवसभर उभी राहणारी माणसं, आणि नखाचे कोपरे खोल गोल कापण्याची सवय असलेले, यांना हा त्रास जास्त. कोपरा कापताना कडेला नखाचा एक बारीक काटा राहतो, नख वाढेल तसा तो मांसात शिरतो. मग लाल होतं, पू होतो, आणि शेवटी कडेला लालबुंद, हात लावला की रक्त येणारं मांस वाढतं. अँटिबायोटिकनं चार दिवस बरं वाटतं, पण काटा आतच असेल तर पुन्हा तेच.

सुरुवातीच्या अवस्थेत कोमट पाण्यात पाय बुडवून, नखाच्या कोपऱ्याखाली कापसाची बारीक वात सरकवून किंवा चिकटपट्टीनं मांस नखापासून बाजूला ओढून धरून भागतं. हे आधी क्लिनिकमध्ये शिकून घ्या, मग घरी करा. जुनाट दुखण्यात नखाची फक्त ती कड काढतात. संपूर्ण नख उपटून काढायची गरज बहुतेकांना नसते, आणि तसं सुचवलं तर कारण विचारा. बोटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी भुलेचं इंजेक्शन देतात. खरं दुखतं ते एवढंच, तेही थोडा वेळ. बोट बधिर झालं याची खात्री करून कडेची पातळ पट्टी उभी कापून मुळापर्यंत बाहेर काढतात, आणि ती कड जिथून उगवते तिथं फिनॉल हे रसायन लावून उगवणंच बंद करतात. फिनॉल लावल्यावर ते नख पुन्हा रुतण्याची शक्यता बरीच कमी होते. घरी जाताना उघडी चप्पल लागते आणि गाडी चालवायला दुसरं माणूस हवं. पहिल्या रात्री पाय उशीवर उंच ठेवा. दोन ते चार आठवडे थोडा चिकट स्राव येत राहतो, तो पू नव्हे. पण दुखणं दिवसागणिक कमी न होता वाढत असेल, लाली वर सरकत असेल, तर परत या.

जाड, पिवळं, भुसभुशीत नख दिसलं की सगळे त्याला बुरशी म्हणतात, पण जुना मार, घट्ट बूट, सोरायसिस यांनीही नख असंच होतं. म्हणून औषध सुरू करण्याआधी नखाचा चुरा खरवडून केओएचची तपासणी (रसायन टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधणं) करून घ्या. साधी तपासणी आहे. बुरशीच निघाली तर पायाच्या नखासाठी टर्बिनाफिनच्या गोळ्या सहसा १२ आठवडे असतात, यकृताची रक्ततपासणी करून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. गोळ्या संपल्या तरी नख लगेच सुंदर दिसणार नाही. पायाचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं, अंगठ्याचं पूर्ण नवं नख यायला वर्ष ते दीड वर्ष जातं. मुळाकडून स्वच्छ नख पुढे सरकताना दिसलं की औषध लागू पडतं आहे. तोवर क्लिनिकमध्ये मशीननं नख पातळ करून घेता येतं, त्यानं बुटात लागणं थांबतं.

नखाखालच्या काळेपणाबद्दल: ठेच लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं. सरकत नसलेली, रुंद होत जाणारी किंवा शेजारच्या कातडीवर उतरलेली काळी पट्टी मात्र त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. क्वचित का होईना, ती कर्करोगाची असते.

चिखल्यांचा हंगाम आपल्याकडे जूनपासून. भातलावणीला पाण्यात उभे राहणारे शेतकरी, गमबूट घालून काम करणारे सफाई कामगार, ओल्या मोज्यांत लोकलनं जाणारे, सगळेच. बेचकीतली कातडी पांढरी, ओलसर, सोललेली दिसते आणि खाजते. औषधाइतकंच महत्त्व कोरडेपणाला आहे: घरी आल्यावर साबणानं धुऊन, जुन्या सुती कापडानं प्रत्येक बेचकी पुसा, आणि बेचकीत तेल किंवा व्हॅसलीन भरू नका. बुरशीचं मलम डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण लावा, खाज थांबली म्हणून सोडू नका. आणि मेडिकलवाल्यानं दिलेली, स्टेरॉईड, अँटिबायोटिक, अँटिफंगल सगळं एकत्र असलेली ट्यूब नको. त्यानं खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते आणि पुढे साध्या औषधाला दाद देत नाही. हट्टी गजकर्णाचे रुग्ण आपल्या देशात इतके वाढले, त्यामागे अशा ट्यूबांचा मोठा हात आहे. मधुमेहात चिखल्यांची चीर ही जंतूंना आत शिरायची वाट ठरते, म्हणून तिथं हयगय नको.

टाचांच्या भेगांना कोकण-गोव्यात कोकमाचं तेल गरम करून लावतात. साध्या, वरवरच्या भेगांना ते चांगलं आहे, फक्त सोसवेल इतकंच कोमट करा. यूरियाचं मलम जाड टाचेवर अधिक काम करतं. वज्रीनं घासायचं तर ओल्या टाचेवर हलक्या हातानं, रक्त निघेपर्यंत नव्हे. बधिर पायाला वज्री लावूच नका. भेग खोल जाऊन रक्त येत असेल तर क्लिनिकमध्ये कडेची कडक कातडी उतरवून घ्या, तोवर ती मिटत नाही.

सकाळी उठून पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ, चार पावलांनी कमी, ही तळव्याच्या पडद्याची टाचदुखी. एक्स-रेत हाड वाढलेलं दिसलं म्हणून घाबरू नका, ते अनेकांना दुखणं नसतानाही असतं. पोटरी आणि तळवा ताणायचे व्यायाम, घरातही मऊ तळाची चप्पल, आणि काही महिन्यांचा धीर, यावर बहुतेक जण बरे होतात. कडक फरशीवर अनवाणी स्वयंपाक करणाऱ्या बायकांना मी घरातल्या चपलेबद्दल परत परत सांगते. ओट्यापाशीही ती घाला.

सातवी पायरी: चप्पल, वारी आणि पुढची भेट

चप्पल संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. बधिर पायाला अंगठ्याची चप्पल नको. ती निसटलेली कळत नाही आणि बेचकीत घासते. मागे पट्टा असलेली एमसीआर चप्पल घ्या. मायक्रोसेल्युलर रबराचा हा मऊ तळ आपल्याकडे कुष्ठरुग्णांच्या पायांसाठी वापरात आला. वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं होतं की कुष्ठरुग्णांचे पाय रोगानं आपोआप झडत नाहीत, तर न कळणाऱ्या दाबानं आणि दुखापतीनं जखमी होतात. मधुमेहाच्या पायांची आजची काळजी याच समजुतीवर उभी आहे. बूट घालण्याआधी आत हात फिरवा, खडा, खिळा, मुलांचं खेळणं काहीही असू शकतं. आंघोळीचं पाणी पायाआधी कोपरानं तपासा. गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपू नका.

देवळात चपला काढाव्या लागतात आणि उन्हाळ्यात आवारातली फरशी तापलेली असते. बधिर पायाला चटका कळत नाही, फोड दुसऱ्या दिवशी दिसतो. मोजे घाला, सकाळी लवकर जा. वारीला जाणाऱ्या मधुमेही माऊलींनी निघण्याच्या महिनाभर आधी पाय तपासून घ्यावेत, पायाला सरावलेली जुनी पादत्राणं घालावीत, कोरड्या मोज्यांचे जास्तीचे जोड ठेवावेत आणि रोज मुक्कामावर कुणाकडून तरी तळवे बघून घ्यावेत. फोड आला तर त्या दिवशी वाटेतल्या वैद्यकीय पथकाकडे जावं, सुई तापवून स्वतः फोडू नये. अनवाणी चालण्याचा नवस असेल तर तो फेडायच्या दुसऱ्या रीतीबद्दल घरच्या वडीलधाऱ्यांशी, महाराजांशी मोकळेपणी बोलावं.

पुढची तपासणी कधी, हे पायाच्या धोक्यावर ठरतं. मधुमेह आहे पण संवेदना आणि रक्तपुरवठा दोन्ही चांगले असतील तर वर्षातून एकदा. यातलं एक कमी असेल तर सहा ते बारा महिन्यांनी. दोन्ही कमी असतील, किंवा एक कमी असून पायाचा आकारही बदलला असेल, तर तीन ते सहा महिन्यांनी. संवेदना किंवा रक्तपुरवठा कमी असून आधी जखम झाली असेल किंवा बोट काढावं लागलं असेल, तर दर एक ते तीन महिन्यांनी. निघताना आपण यातल्या कोणत्या गटात आहोत हे विचारून केसपेपरवर लिहून घ्या, आणि पुढची तारीख घरातल्या तरुण माणसाच्या मोबाईलमध्येही टाकून ठेवा.